लेकीची पहिली कराटे स्पर्धा, आणि आता तिचा हात पुढेच जात नाही

ओंजळभर
नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

लेक ९ वर्षांची. अडीच वर्षं कराटेला जाते. तीन आठवड्यांपूर्वी तिची पहिली स्पर्धा झाली. काता (एकटीने करायच्या ठरलेल्या हालचाली) आणि कुमिते (समोरासमोरची लढत), दोन्हींत नाव दिलं होतं. कातात पहिली फेरी पंचांच्या ३-२ झेंड्यांनी जिंकली, दुसरीत हरली. हेआन शोदान नावाच्या कातात एका वळणावर उलटीकडे गेली, तिचं तिलाच कळलं, बाहेर येऊन हसत म्हणाली, "मी भलतीकडेच तोंड केलं!" इथपर्यंत सगळं झकास.

कुमितेसाठी साडेदहाला पुकारणार होते, पुकारलं पावणेचारला. हिची लाल बाजू. समोरची मुलगी हिच्याहून चार बोटं बुटकी. पहिला गुण हिनेच घेतला, पोटावर सरळ ठोसा. मग अर्धा मिनिट दोघी नुसत्या उड्या मारत होत्या. आणि मग हिने चेहऱ्याच्या दिशेने ग्याकु-झुकी (मागच्या हाताचा ठोसा) काढला, नेमकी त्याच क्षणी ती मुलगी पुढे आली. नाकावर बसला. रक्त आलं.

पंचांनी थांबवलं, डॉक्टर आले. हिला मॅटच्या कडेला पाठ करून वज्रासनात बसायला सांगितलं. मागे ती मुलगी रडत होती आणि ही समोरच्या भिंतीकडे बघत पाच-सात मिनिटं बसून होती. मग उभं करून 'हान्सोकु' दिला. म्हणजे ही बाद, ती विजयी. पण तीही पुढची फेरी खेळली नाही.

लेक रडली नाही. घरी आली, जेवली, झोपली. पण तेव्हापासून क्लासमध्ये तिचा ठोसा कुठेच पोचत नाही. समोर मैत्रीण असो, सर असोत, नाहीतर नुसतं पॅड असो, हात वीतभर आधीच थांबतो. सर म्हणतात, येईल हळूहळू. दोन महिन्यांनी पुढची स्पर्धा आहे, फॉर्म घरी येऊन पडलाय. पाठवू का? फक्त कातात घालू? की वर्षभर काहीच नको? ज्यांची मुलं खेळतात त्यांनी प्लीज लिहा.

हुप्पा
नाक फोडून हरायचं, हे फक्त कराटेतच जमतं. बॉक्सिंगला टाका. (गंमत आहे, दिवे घ्या)

शेवंता९
वाचतेय. माझा मुलगा ७ वर्षांचा आहे, पुढच्या महिन्यात पहिली स्पर्धा. धागा उघडला आणि पोटात गोळा आला.

निवृत्त_पंच
ओंजळभरताई, पंधरा वर्षं मॅटवर झेंडे हलवले, आता गुडघे हलत नाहीत म्हणून घरी बसलोय. त्यामुळे दोन शब्द जास्त लिहीन.

आधी मॅटवर काय झालं असावं ते. दोन खेळाडूंमधलं जे अंतर, त्याला जपानीत 'मा-आई' म्हणतात. (हो, मा आणि आई. या शब्दावर मराठी आयांचा पहिला हक्क आहे.) हे अंतर डोळ्याला कळणं एक आणि पायाला कळणं वेगळं. लहान मुलांना स्वतः उभं राहून समोरच्या स्थिर माणसाचं अंतर बरोबर कळतं. समोरचाही हलायला लागला की हिशेब चुकतो, कारण दोघांचा वेग मिळून अंतर दुप्पट झपाट्याने संपतं. तुमच्या लेकीचा हात थांबणारच होता. पण ज्या जागी थांबायचा तिथे नाक येऊन उभं राहिलं.

आता निकाल. समोरच्याच्या हल्ल्याची फिकीर न करता जो सरळ आत घुसतो त्यालाही 'मुबोबी' म्हणून ताकीद मिळते. ती तिथे द्यायला हवी होती का, हे न बघता मी बोलणार नाही. दोन्ही बाजूंच्या पालकांना आयुष्यभर हेच उत्तर दिलंय, आता म्हातारपणी बदलत नाही.

आणि पाठ करून बसवणं ही शिक्षा नव्हती. बऱ्याच ठिकाणी ती पद्धत आहे. जखमी खेळाडूवर उपचार चालू असताना दुसऱ्याने कोचकडून सूचना घेऊ नयेत, हातवारे करू नयेत, शांत बसावं, एवढाच हेतू. पण हे मोठ्यांना माहीत असतं. ९ वर्षांच्या मुलीला कुणी सांगितलं होतं का?

शेवटचं. चेहऱ्यावर ठोसा 'लावायचा' नसतोच. जुना शब्द आहे सुन-दोमे. सुन हे जपानी माप, साधारण ३ सेंमी. ठोसा पूर्ण जोराने निघाला पाहिजे आणि कातडीच्या एक सुन आधी थांबला पाहिजे. हे मोठ्यांचं. मी पंच होतो त्या स्पर्धांत १४ वर्षांखालच्या गटात चेहऱ्याला नुसता स्पर्श झाला तरी ताकीद होती, आणि ठोसा १० सेंमी अलीकडे थांबला तरी गुण मिळायचा. पोटा-छातीवर मात्र गार्डपर्यंत पोचायला हवा.

म्हणून माझा प्रश्न: तुम्ही 'वीतभर' लिहिलंय, ते डोळ्याचं माप की मोजलेलं?

ओंजळभर
डोळ्याचंच, पंचकाका. मोजायचं कधी डोक्यातच आलं नाही. आणि नाही, तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं. मलाही आत्ता तुमच्याकडून कळलं.

आडवातिडवा
सगळे निकाल, नियम, सेंमी मोजताहेत. मूळ मुद्दा कुणी बोलत नाही. ९ वर्षांच्या पोरांना स्पर्धा हव्यात कशाला? ज्यांना आधुनिक कराटेचे जनक म्हणतात त्या फुनाकोशींनी १९२२ साली कराटे जपानच्या ओकिनावा बेटांवरून तोक्योला नेलं. त्यांना स्पर्धांचं प्रकरण पसंत नव्हतं. ते १९५७ च्या एप्रिलमध्ये गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांच्या शिष्यांच्या संघटनेने पहिली अखिल जपान स्पर्धा भरवली. निदान वर्ष तरी होऊ द्यायचं!

आणि आता काय, पट्टे रंगीबेरंगी, पदकं रंगीबेरंगी, पालक लालबुंद. दिवसभर पोरं जमिनीवर बसून राहतात, दीड मिनिट खेळतात, त्यातून अर्धी रडत घरी जातात. काता तर विचारूच नका. हवेत हातवारे करायचे आणि मध्येच ओरडायचं. नाच आहे तो.

हुप्पा
पालक लालबुंद! _/\_

बंडू_ब्लॅकबेल्ट
आडवातिडवा, पट्ट्यांना नावं ठेवायच्या आधी एवढं बघा की १९२४ साली पहिले काळे पट्टे खुद्द फुनाकोशींनीच दिले. पट्ट्यांची कल्पना ज्युदोच्या जिगोरो कानोंची, ती यांनी घेतली. तेव्हा तुमच्या ऋषींनीही थोडी सजावट चालवून घेतली होती.

मूळ धाग्याबद्दल. ओंजळभर, तुमच्या लेकीला एक गोष्ट सांगा, खरी आहे. तोक्यो ऑलिंपिक, जे २०२१ मध्ये झालं, त्यात कराटे पहिल्यांदा होतं. पुरुषांच्या ७५ किलोवरच्या गटाचा अंतिम सामना, सौदीचा तारेग हमेदी आणि इराणचा सज्जाद गंजजादेह. हमेदी ४-१ ने पुढे. त्याने डोक्याच्या दिशेने लाथ काढली आणि ती ताब्यात राहिली नाही. गंजजादेह जागच्या जागी बेशुद्ध. त्याला स्ट्रेचरवरून नेलं, आणि पंचांनी हमेदीला बाद केलं. म्हणजे सुवर्णपदक स्ट्रेचरवरच्या माणसाला आणि रौप्य उभ्या असलेल्याला. शुद्धीवर आल्यावर गंजजादेहला कळलं की आपण जिंकलो.

जगातल्या सगळ्यात मोठ्या मॅटवर, वर्षानुवर्षं तयारी केलेल्या माणसाचा पाय थांबला नाही. तुमच्या लेकीचा हात थांबला नाही यात नवल काय?

शेवंता९
बंडूभाऊ, तुम्ही धीर द्यायला लिहिलंत ना? माझा गोळा आता गळ्यापर्यंत आलाय. स्ट्रेचर!!

बंडू_ब्लॅकबेल्ट
अहो शेवंताताई, ती मोठी माणसं, ७५ किलोवरची! ७ वर्षांच्या मुलांचा कुमिते म्हणजे दोन कोंबडीची पिल्लं समोरासमोर. माउथ गार्ड, ग्लोव्हज, चेस्ट गार्ड नीट मापाचे बघा, नखं कापा, आणि निवांत राहा.

वेलांटी
आडवातिडवा, नाच? मी वयाच्या ३४ व्या वर्षी काता शिकायला लागले आणि दोन वर्षांत एक धड येत नाही, तेव्हा माझा अभिमान बाजूला ठेवून सांगते. हेआन शोदानमध्ये २१ हालचाली आहेत. त्यातली प्रत्येक कुणाच्या तरी हल्ल्याला उत्तर आहे. ते उत्तर उलगडून दाखवणं म्हणजे बुंकाई. आमच्या मॅडम प्रत्येक हालचालीला विचारतात, "समोर कोण आहे? त्याने काय केलं?" समोरचा माणूस दिसेनासा झाला की काता खरंच नाच होतो, तेवढं तुमचं मान्य.

त्याच २०२१ च्या ऑलिंपिकमध्ये काताचं सुवर्ण र्यो कियुनाला मिळालं. तो ओकिनावाचा, आणि ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारा ओकिनावाचा पहिलाच माणूस. जिथून कराटे निघालं तिथे ते पदक काताने नेलं, कुमितेने नाही. पदक घेताना त्याच्या हातात आईचा फोटो होता, ती दोन वर्षांपूर्वी वारली होती. मी टीव्हीसमोर रडले होते, नवरा म्हणाला हिला काय झालं.

आडवातिडवा
बरं, नाच मागे घेतो. स्पर्धा मागे घेत नाही.

कोपऱ्यातला_बाबा
मी एक अनुभव सांगतो, त्यात शिकवण वगैरे शोधू नका.

मुलगा १० वर्षांचा असताना पहिल्या फेरीत ०-६ ने हरला. मी म्हटलं, ठीक आहे, चल. त्याचा ड्रेस उतरवला, गार्ड पिशवीत, पाण्याची बाटली भरली, दोन तास गाडी चालवून घरी आलो. संध्याकाळी सरांचा फोन, "अहो कुठे आहात? केव्हापासून नाव पुकारताहेत!" त्याला हरवणारा मुलगा अंतिम फेरीत गेला होता. अंतिम फेरीतल्या खेळाडूंकडून जे जे हरले त्यांना ब्राँझसाठी परत खेळवतात, त्याला रेपेशाज म्हणतात, हे या बाबाला कुठे माहीत! वर ब्राँझ एक नाही, दोन असतात.

पोरगा अजून टोमणा मारतो. परीक्षेत कमी मार्क पडले की म्हणतो, "बाबा, रेपेशाज आहे का विचारून मग घरी जाऊ." तो आता १७ वर्षांचा आहे.

हुप्पा
दोन तास गाडी चालवून ब्राँझपासून लांब गेलेला एकमेव बाप.

शेवंता९
मला ते जपानी शब्द कुणीतरी सांगा ना. मुलगा घरभर ओरडत फिरतो, मला कळत नाही कुठे टाळ्या वाजवायच्या.

वेलांटी
शेवंताताई, 'हाजिमे' म्हणजे सुरू. 'यामे' म्हणजे थांबा. 'आका' लाल, 'आओ' निळा. युको १ गुण, हाताचा. वाझा-आरी २ गुण, मधल्या भागावर लाथ. इप्पोन ३ गुण, डोक्याच्या उंचीची लाथ किंवा समोरच्याला पाडून केलेला वार. समोरून उत्तर न येता जो पहिला गुण घेतो त्याला 'सेन्शु', बरोबरी झाली तर त्याचा विजय. १५ सेकंद उरले की 'आतो शिबाराकु'.

या शेवटच्यावरून आठवलं. माझ्या भाचीच्या पहिल्या स्पर्धेला माझी आई आली होती. पंच जोरात "आतो शिबाराकु!" म्हणाले. आई माझ्या कानाशी, "अगं, सगळ्यांसमोर विचारताहेत? 'आता शी, बरं का' काय! पोरीला आधी नेऊन आणायचं ना तुम्ही!"

हुप्पा
मेलो. ऑफिसमध्ये वाचत होतो, साहेबांना काय सांगू?

निवृत्त_पंच
आमच्यात उलटाही गोंधळ होतो. एका आजोबांनी मला विचारलं होतं, "तुम्ही पंच मोजता, मग तुमचे पंच कोण मोजतं?" पंधरा वर्षांत उत्तर सापडलं नाही.

मधली_सुट्टी
एरवी रोमात असते (नुसती वाचते), आज लिहिल्याशिवाय राहवत नाही. कारण मी 'ती दुसरी मुलगी' आहे. म्हणजे ओंजळभरताईंच्या लेकीच्या समोरची नव्हे, पण तशीच. ११ वर्षांची असताना ओठ फाटला होता, कुमितेतच.

दुखलं का? दुखलं, पण थोडंच. रक्त बघून घाबरले म्हणून रडले. पंधरा मिनिटांत मी मैत्रिणींना ओठ उचलून उचलून दाखवत होते. दुसऱ्या दिवशी शाळेत तर माझा भाव काय विचारू नका! मला आठवतंय ते वेगळंच. जिने मारलं ती मुलगी पलीकडे पाठ करून बसली होती, आणि मी तिच्या वेणीकडे बघत होते. निळी रिबीन. ती वळेल, माझ्याकडे बघेल असं वाटत होतं. मग तिला उठवलं, आमचा हात धरून निकाल झाला, वाकून नमस्कार झाला, आणि तिचे सर तिला घेऊन गेले. ती सगळा वेळ खालीच बघत होती.

त्या मुलीने माझा ओठ नंतर पाहिलाच नाही. तिच्या डोक्यात तो अजून फाटलेलाच असेल, असं मला हा धागा वाचताना पहिल्यांदा वाटलं. माझ्याकडे बरा झाल्याचा पुरावा होता, आरशात. तिच्याकडे नुसता माझा आवाज.

ओंजळभरताई, तुमच्या लेकीने त्या मुलीला उठलेलं पाहिलं का?

वेलांटी
मधली_सुट्टी, काटा आला अंगावर.

कोपऱ्यातला_बाबा
+१. हे सुचलंच नव्हतं.

तळटीप
सगळे छान छान लिहिताहेत, मी जरा वाईटपणा घेते. ओंजळभर, स्पर्धेच्या वेळी तुम्ही कुठे होतात आणि काय ओरडत होतात?

खोचक म्हणून विचारत नाहीये. मी दोन मुलांना घेऊन सहा वर्षं असल्या मॅटच्या कडेला बसलेय. आपण पालक तिथे काय बोलतो ते आपल्याला आठवत नाही, मुलांना शब्दन्‌शब्द आठवतो. माझ्या थोरल्याने एकदा माझी नक्कल करून दाखवली होती. दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही.

आडवातिडवा
तळटीपबाईंशी सहमत. (इथे पहिल्यांदाच.)

बंडू_ब्लॅकबेल्ट
तळटीप, प्रश्न रास्त आहे पण जरा हळू. आधीच त्या काळजीत आहेत.

शेवंता९
ओंजळभरताई, रागावू नका हं. इथे सगळे आपलेपणानेच लिहितात.

हुप्पा
धागाकर्त्या गायब. तळटीपबाईंनी इप्पोन घेतला वाटतं.

तळटीप
हुप्पा, गप्प बसा.

ओंजळभर
रागावले नव्हते. चार दिवस लिहायला बसत होते आणि उठत होते.

तळटीप, मी स्टँडमध्ये तिसऱ्या रांगेत होते. काताच्या वेळी एक शब्द बोलले नाही. कुमितेला पाच तासांहून जास्त वाट बघून डोकं आउट झालं होतं. पहिला गुण मिळाल्यावर मी उठून उभी राहिले. दोघी नुसत्या उड्या मारत होत्या तो अर्धा मिनिट, तेव्हा मी ओरडले, "मार ना! बघत काय बसलीस, मार!" एकदा नाही, तीन-चारदा. बाजूच्या बाईंनी माझ्याकडे वळून बघितलं होतं, ते मला आत्ता आठवतंय. पहिल्या पोस्टमध्ये लिहिताना खरंच आठवलं नव्हतं. किंवा आठवलं होतं आणि लिहिलं नाही, मला सांगता येत नाही.

परवा रात्री तिला झोपवताना विचारलं, मॅटवर माझा आवाज येत होता का गं? म्हणाली, "हो. सरांचा नव्हता येत. तुझा येत होता." मग थोड्या वेळाने, "तू मार म्हणालीस म्हणून मी वर मारला. मी पोटावर मारणार होते."

एवढंच. कूस बदलून झोपली.

मधली_सुट्टी, नाही. तिने त्या मुलीला उठलेलं पाहिलं नाही. नमस्कार केला तेव्हा ती मुलगी नाकावर कापूस दाबून खाली बघत होती, आणि लगेच आम्ही निघालो. घाई मीच केली.

वेलांटी
ओंजळभर, मिठी.

तळटीप
हे इथे लिहिलंत, यालाच हिंमत लागते. मी तर नवऱ्यालाही आठवड्याने सांगितलं होतं.

माझ्याकडून एक कामाचं. मी हल्ली स्टँडमध्ये व्हिडिओ काढते. दोन्ही हात फोनला लागतात, आणि रेकॉर्डिंगमध्ये स्वतःचा आवाज येईल या धाकाने तोंड बंद राहतं. नैतिक बळ वगैरे काही नाही, साधी लाज.

कोपऱ्यातला_बाबा
मी बाहेर जाऊन गाडीत बसतो. पण मग रेपेशाज हुकतो.

निवृत्त_पंच
ताई, मॅटवरून सांगतो. पंचाला कोचपेक्षा आयांचे आवाज जास्त ऐकू येतात आणि सगळ्या एकच शब्द ओरडत असतात. तुम्ही काही वेगळं केलं नाहीत. ते बरोबर होतं असं म्हणत नाही, एवढंच की तुमच्या नावावर वेगळी ताकीद लिहायला नको.

आता मुद्द्याचं. तुमच्या सरांना सांगा, त्या मुलीच्या सरांना फोन करा. मुलांचे क्लास एकमेकांना ओळखतात, दहा मिनिटांचं काम आहे. आणि माझा पहिला प्रश्न तसाच राहिलाय. पट्टी घ्या, मोजा.

आडवातिडवा
पंचकाका, मोजून काय होणार? पोर घाबरलीय, तिला माप नकोय, मोकळीक हवीय.

निवृत्त_पंच
घाबरलीय की थांबवतेय, हे मोजल्याशिवाय कळत नाही. घाबरलेला हात रोज वेगळ्या ठिकाणी थांबतो. थांबवलेला एकाच ठिकाणी.

आडवातिडवा
हम्म.

शेवंता९
अपडेट माझ्याकडून: मुलाची स्पर्धा झाली. पहिल्या फेरीत हरला. मी अजिबात ओरडले नाही, सासूबाई ओरडल्या. त्याला पदक नाही पण मॅटवर नमस्कार करताना समोरच्याचं डोकं आणि याचं डोकं आपटलं, दोघांना टेंगूळ. पंच हसत होते. हा प्रकार कुठल्या नियमात बसतो?

बंडू_ब्लॅकबेल्ट
शेवंताताई, मा-आई चुकली.

हुप्पा
तुमचा गोळा गेला का पोटातला?

शेवंता९
गेला. आता धाकटीला घालतेय क्लासला.

ओंजळभर
लांबलचक अपडेट आहे.

सरांनी फोन केला. ती मुलगी एकदम ठणठणीत. हाड वगैरे काही नव्हतं, रक्त दहा मिनिटांत थांबलं होतं. पुढची फेरी खेळली नाही ती डॉक्टरांनी नको म्हटलं म्हणून. तिच्या सरांनी तिला विचारलं तर तिने उलट विचारलं, "ती लालवाली परत येणार आहे का?" का विचारलं ते नाही माहीत. बदला घ्यायचा असेल.

लेकीला सांगितलं. मला वाटलं होतं रडेल, मोकळी होईल, वगैरे. तसलं काही झालं नाही. ती बराच वेळ विचार करून म्हणाली, "पण ती पुढे का आली?" मग मी पंचकाकांचं मा-आईचं सगळं वाचून दाखवलं, मला जमेल तसं. पाठ करून बसवण्याचंही सांगितलं. तर म्हणाली, "मला वाटलं, मी बघू नये इतकं वाईट झालंय." आठ आठवडे... नाही, पाच. पाच आठवडे पोर हे घेऊन फिरत होती.

मग मोजलं. मी भिंतीला पाठ टेकून गुडघ्यांवर बसले, म्हणजे माझं तोंड तिच्या उंचीला येतं. तिच्या बाबाने माझ्या गालाशी शाळेची पट्टी धरली. पहिले पाच ठोसे गालापासून १६, १४, १७, १४, १५ सेंमीवर थांबले. पुढचे पाच १४, १३, १४, १४, १३. पंचकाका, तुमच्या हिशेबाने हा घाबरलेला की थांबवलेला, तुम्हीच सांगा.

पंचकाकांचं गुणासाठीचं १० सेंमी वाचलं तेव्हा तिला राग आला. "म्हणजे माझा गुणच नाही?" म्हणाली. आता रोज संध्याकाळी मला भिंतीशी उभं करते. काल ११, ९, १०, १०, १२. ९ झाल्यावर स्वतःच "यामे" म्हणाली आणि मला मागे सरकवायला लागली. मागे भिंत!

माझी तक्रार अशी की मी प्रत्येक वेळी डोळे मिटते. ती ओरडते, "आई, डोळे मिटलेस तर तुला कसं कळणार मी कुठे थांबले?" मी म्हटलं, बाबा बघतोय ना. म्हणाली, "बाबा समोर नाहीये."

पॅडवर अजून पोचत नाही. ते तसंच आहे, सर म्हणतात घाई नको. फॉर्म फ्रीजवर लावलाय. काताच्या चौकोनात तिने बरोबरची खूण केलीय. कुमितेच्या चौकोनात पेन्सिलीचं एक टिंब आहे. खूण करायला गेली की पेन्सिल टेकली, कळत नाही. मी विचारलेलं नाही. मुदत शुक्रवारपर्यंत आहे.

वेलांटी
"बाबा समोर नाहीये." वा.

मधली_सुट्टी
लालवालीची वाट बघतेय ती, बदल्यासाठी नसणार. माझ्या अनुभवावरून सांगते. मीही विचारलं असतं.

आडवातिडवा
मी स्पर्धांच्या विरोधातच आहे, नोंद असावी. पण शुक्रवारी काय झालं ते कळवा.

निवृत्त_पंच
१४, १३, १४, १४, १३. ताई, हा थांबवलेला हात आहे. पॅडचं पॅड बघेल. ९ ते ११ मध्ये ठेवा, त्याच्या आत नको. आणि डोळे मिटून भिंतीशी उभं राहणं म्हणजे स्वतःच्या बचावाकडे दुर्लक्ष. मुबोबी.

ओंजळभर
तिने कालच दोन दिल्यात, पंचकाका.